पुरेसा मसाज म्हणजे किती? एका दंतवैद्याच्या मानेचं प्रकरण

"मसाज करून बघितला, मला काही फरक पडत नाही." मान-पाठ धरलेली माणसं हे वाक्य नेहमी ऐकवतात. त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: किती वेळ केला, किती दिवसांनी केला आणि कसा केला? गोळीचा उपयोग झाला नाही असं कुणी सांगितलं, की ती किती मिलिग्रॅमची होती आणि दिवसातून कितीदा घेतली हे आपण विचारतोच. मसाजची मात्रा मात्र कुणी विचारत नाही. 'घेतला' किंवा 'नाही घेतला' एवढ्यावरच निकाल लागतो.

हे प्रकरण या मात्रेबद्दलचं आहे. मान-खांद्याच्या जुन्या दुखण्यात फिजिओथेरपिस्टला वारंवार जे दिसतं, ते एकत्र करून हा प्रसंग रचला आहे. त्यामुळे यात कुणी ओळखीचं सापडतं का, ते शोधू नये. संशोधनाचे आकडे मात्र प्रकाशित अभ्यासांतलेच आहेत.

रुग्ण ४६ वर्षांच्या दंतवैद्य. तक्रार चौदा महिन्यांची. उजव्या बाजूला कवटीच्या तळापासून खवाट्याच्या हाडाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत सतत ठणक. दुपारनंतर ती वाढायची आणि आठवड्यातले चार दिवस मागून पुढे येत उजव्या डोळ्याच्या वर डोकं दुखायचं. रात्री कूस बदलताना जाग यायची. आधी गाडी मागे घेताना मान वळत नव्हती, मग हळूहळू रुग्णाच्या तोंडात उजवीकडून वाकून बघणंही जड जाऊ लागलं. वेदनाशामक गोळ्या लागल्या तर घ्यायच्या. उशा तीनदा बदलून झाल्या होत्या. मान अगदीच धरली की वीस मिनिटांचा मसाज घ्यायचा, तोही "जोरात, अगदी आत जाऊन". त्यानंतर दोन दिवस अंग ठेचल्यासारखं दुखायचं, मग एखादा दिवस बरा जायचा, आणि गाडी पुन्हा पहिल्या ठिकाणी यायची. दीड-दोन महिन्यांतून एकदा असं चालू होतं. त्यांचा निष्कर्ष तयारच होता: मसाज ही चैन आहे, उपचार नव्हे.

दंतवैद्याच्या मानेवर ताण का येतो, ते त्यांच्या कामाकडे पाहिलं की कळतं. डोकं पुढे झुकलेलं आणि थोडं एका बाजूला कललेलं, दोन्ही हात अधांतरी, बोटांत बारीक अवजार घट्ट धरलेलं आणि नजर काही सेंटिमीटरच्या जागेवर खिळलेली. हालचाल जवळजवळ नाही. स्नायू दमतात ते फक्त जड वजन उचलून नव्हे. थोडंच वजन पण तासन्‌तास, सैल न सोडता धरून ठेवल्यानेही ते दमतात. प्रौढ माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं, आणि ते पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ताणून धरावं लागतं.

हात लावण्याआधी तपासणी. मसाजमधला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग असतो आणि बहुतेक ठिकाणी तो गाळलाच जातो. रात्री झोपू न देणारं, कोणत्याही स्थितीत न थांबणारं दुखणं आहे का? कारण नसताना वजन घटलं का? ताप आहे का? पूर्वी कर्करोग झाला होता का? हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड ढिली होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काही आहे का? रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का? सगळ्याची उत्तरं नकारार्थी आली. हातांची ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया दोन्ही बाजूंना सारख्या होत्या. मान मागे-बाजूला करून हलका दाब दिला तरी दुखणं हातात उतरलं नाही. म्हणजे मज्जातंतू किंवा मज्जारज्जू दाबला जात असल्याची चिन्हं नव्हती.

बाईंच्या हातात एक्स-रे होता आणि त्यात मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये झीज लिहिलेली होती. हा शब्द त्यांच्या डोक्यात रुतून बसला होता. "झीज आहे तर मसाजने काय होणार?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यावर मी जपानमधला एक अभ्यास सांगितला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचा एमआरआय केला होता, आणि त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली, मणक्यांमधली चकती फुगलेली निघाली. विशीतल्या मंडळींचीही बहुसंख्येने. चित्रातली झीज आणि माणसाचं दुखणं यांचं नातं इतकं सैल आहे. झीज खोटी नसते, पण दरवेळी गुन्हेगार तीच असते असं नाही.

सुरुवातीची मोजमापं अशी होती. मान दुखीमुळे रोजच्या जगण्यात किती अडचण येते, हे दहा प्रश्नांच्या एका प्रश्नावलीने मोजतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, म्हणजे एकूण ५०. जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. बाईंचे १७ आले, म्हणजे मध्यम अडचण. दुखणं दहापैकी सहा. मान डावीकडे ६८ अंश वळत होती, उजवीकडे ५२.

आता मुख्य मुद्दा. मसाज नक्की काय करतो, याबद्दल या उच्चशिक्षित बाईंच्या मनात जी चित्रं होती तीच साधारण सगळ्यांच्या मनात असतात. 'शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात' यावर त्या स्वतःच हसल्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. पण 'स्नायूत साचलेलं लॅक्टिक आम्ल मसाजने निघून जातं' हे त्यांना पक्कं खरं वाटत होतं. तसं होत नाही. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट (या आम्लाचंच शरीरातलं रूप) शरीर साधारण तासाभरात आपणहूनच वापरून टाकतं, दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याशी त्याचा संबंध नसतो. २०१० साली कॅनडातल्या एका प्रयोगात तर दमलेल्या स्नायूवर केलेल्या मसाजमुळे रक्तप्रवाहात अडथळा येऊन लॅक्टिक आम्ल निघून जाण्याचा वेग उलट मंदावला. २०१२ साली झालेल्या आणखी एका प्रयोगात ११ तरुणांना सायकल चालवून पार थकवलं, एका पायाला दहा मिनिटं मसाज दिला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. मसाज झालेल्या पायात दाहाशी निगडित संकेत मात्र कमी होते, आणि पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या वाढीशी जोडलेले संकेत जास्त होते. अकरा जणांच्या प्रयोगावरून फार उड्या मारू नयेत. तरी जुनं स्पष्टीकरण चुकीचं असूनही परिणाम खरा असू शकतो, एवढं त्यातून दिसतं.

गाठींचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. खवाट्याच्या वर बोट फिरवलं की कडक, दुखरी पट्टी लागते आणि दाबली की दुखणं डोक्यापर्यंत जातं, हा अनुभव खरा आहे. पण एकाच माणसाला दोन जाणकारांनी वेगवेगळं तपासलं तर गाठ नेमकी कुठे आहे यावर त्यांचं एकमत होणं अवघड जातं, असं अभ्यास सांगतात. म्हणून 'गाठ फोडणे' ही भाषा मी वापरत नाही. तिथे फोडण्यासारखं काही नसतं. आणि फोडायचंच आहे असं ठरवलं, की दाबणाऱ्याचा कोपर आणि सोसणाऱ्याचे दात एकाच वेळी आवळले जातात.

मग बरं का वाटतं? मोठा भाग मज्जासंस्थेत घडतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या 'गेट कंट्रोल' सिद्धांताचा गाभा असा, की स्पर्श आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत पोचल्या की तिथे वेदनेच्या संदेशांची वाट अरुंद होते. कोपर आपटल्यावर आपण तो आपोआप चोळतो ते याचमुळे. त्या सिद्धांतातले बारकावे पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. शिवाय केसाळ त्वचेत काही बारीक मज्जातंतू असे असतात, जे सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ, हलक्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. वेग वाढवला की त्यांचा प्रतिसाद घटतो. ओळखीच्या हाताने पाठीवरून सावकाश फिरवावं, तो वेग साधारण हाच. दुखऱ्या भागाभोवती शरीराने जी राखण बसवलेली असते, ती 'इथे धोका नाही' असं पुरेसा वेळ कळत राहिलं तरच सैल पडते. 'पुरेसा वेळ' इथेच मात्रेचा प्रश्न येतो.

जुनाट मानदुखीत मसाजची मात्रा शोधणारा एक नेटका अभ्यास अमेरिकेत झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. २२८ जण. काहींना अर्ध्या तासाचा मसाज आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, काहींना पूर्ण तासाचा आठवड्यातून एकदा, दोनदा किंवा तीनदा, असं चार आठवडे दिलं. एक गट नुसता प्रतीक्षा यादीवर ठेवला. पाचव्या आठवड्यात हिशेब मांडला तेव्हा अर्ध्या तासाच्या गटांना, आठवड्यातून तीनदा येऊनसुद्धा, प्रतीक्षा यादीवाल्यांपेक्षा ठळक फायदा झालेला नव्हता. तासाभराचा मसाज दोनदा किंवा तीनदा घेणाऱ्यांना झाला होता, आणि तीनदा घेणाऱ्यांना सर्वाधिक.

या अभ्यासाला मर्यादा आहेत. ज्याला काहीच मिळत नाही त्याच्याशी केलेली तुलना कोणत्याही उपचाराला सोपी जाते. आपल्याला मसाज मिळतोय की नाही हे लपवताही येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. मसाजवरच्या जवळपास सगळ्या संशोधनाची ही दुखरी नस आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली कंबरदुखीवरचे २५ प्रयोग एकत्र तपासले. तात्पुरता आराम दिसतो, पण पुरावा इतका कच्चा आहे की त्यावर फारसा विश्वास टाकता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे सगळं मान्य करूनही बाईंच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट होती. दीड-दोन महिन्यांतून वीस मिनिटं ही मात्रा कोणत्याच पुराव्यात बसत नव्हती. त्यांनी मसाज करून बघितलाच नव्हता, असं म्हटलं तरी चालेल.

आठवड्यातून तीनदा येणं त्यांना जमणार नव्हतं, आणि खरं तर कुणाला जमतं? दोनदा, तासभर, चार आठवडे, असं ठरलं. सोबत दोन अटी होत्या. प्रत्येक मसाजनंतर त्याच बैठकीत दहा मिनिटं व्यायाम. आणि कामाच्या जागेत बदल. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०१६ ची कंबरदुखीची मार्गदर्शक तत्त्वं हाताने केलेले उपचार व्यायामासोबतच द्यायला सांगतात, सुटे नकोत. मानेला ती शब्दशः लागू होत नाहीत, पण मला तो विचार पटतो.

पहिल्याच दिवशी वाद झाला तो जोरावरून.

"अजून जोरात दाबा हो. काही जाणवतच नाहीये."

"मॅडम, श्वास कुठे अडकलाय बघा."

त्या श्वास रोखून होत्या. माझी कसोटी साधी आहे: दाब दहापैकी पाच-सहाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, आणि दाबाखाली श्वास सहज चालला पाहिजे. श्वास थांबला, मूठ आवळली, भुवया चढल्या की शरीर बचावात गेलं असं समजायचं. त्यापुढचा प्रत्येक मिनिट वाया जातो. याला थोडा आधारही आहे. २०११ साली कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात एका गटाला विशिष्ट ऊतींवर नेमकं काम करणारा मसाज दिला, दुसऱ्याला नुसता सैलावणारा. आठवड्यातून एकदा, दहा आठवडे. दोन्ही गट नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा चांगले राहिले, आणि त्या दोघांत फरक जवळपास नव्हता. 'दुखलं तरच लागू पडतं' ही समजूत किती पोकळ आहे, हे सांगायला मला हा अभ्यास फार उपयोगी पडतो. मसाजच्या पेशातल्या काही मंडळींना तो आवडत नाही, हेही खरं.

तासाची विभागणी साधारण अशी होती. पहिली दहा-बारा मिनिटं पालथं झोपवून पूर्ण पाठीवर तेलाचा हात, लांब आणि संथ. बाई म्हणाल्या, दुखतंय मानेत आणि तुम्ही कंबरेवर काय करताय? पण इथेच शरीराला तुमच्या हाताची सवय होते. त्यानंतर खांद्याच्या वरचा मांसल भाग चिमटीत धरून मळणं, खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर अंगठ्याचा स्थिर दाब, वीस-तीस सेकंद, मग सोडणं. मग उताणं झोपवून कवटीच्या तळाखाली बोटांची टोकं ठेवायची आणि डोक्याचं वजन त्यांच्यावर आपणहून उतरू द्यायचं. इथे ढकलायचं काहीच नसतं. डोकेदुखी इथून उठते असा माझा अंदाज होता, कारण तिथे दाब दिला की नेमकं तेच दुखणं डोळ्यावर यायचं. छातीचा वरचा भाग, आणि शेवटी कोपरापासून तळव्यापर्यंतचा हात. अवजार धरणाऱ्या माणसाचा पुढचा हात कुणी कधी मसाज करत नाही. बाईंना सगळ्यात जास्त आराम तिथे पडला, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे दाब द्यायचा नाही. मान झटका देऊन 'मोडायची' नाही. जोरदार दाब किंवा झटक्यानंतर मानेतल्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या दुर्मीळ आहेत. पण समोर फायदा केवळ 'कट्ट' असा आवाज असेल, तर तेवढाही धोका कशाला घ्यायचा?

व्यायाम फार नव्हते. उताणं झोपून हनुवटी हळूच 'हो' म्हटल्यासारखी आत घेऊन दहा सेकंद धरणं. रबरी पट्टा ओढून खवाटे मागे-खाली आणणं. मान दोन्ही बाजूंना वळवणं. मसाजनंतरचे काही तास दुखणं उतरलेलं असतं आणि मान जास्त वळते. वळवायची भीती बाजूला सारायला तीच वेळ बरी. एरवी याच बाईंना व्यायाम सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी 'दुखलं' म्हणून बंद झाले असते. आधी दोनदा झालेही होते.

कामाच्या जागी स्टूल थोडं उंच केलं, रुग्णाची खुर्ची त्यानुसार वर घेतली आणि भिंग असलेल्या चष्म्याचा कोन बदलून घेतला, म्हणजे मान न वाकवता नजर खाली जाईल. या बदलाचा वाटा किती, मसाजचा किती, हे वेगळं करता आलेलं नाही. एकाच माणसावर तीन गोष्टी एकदम केल्या की हे होणारच. संशोधक म्हणून हे वाईट, रुग्ण म्हणून चांगलं.

पहिल्या आठवड्यात फरक दिसला तो झोपेत. मान तशीच होती. दुसऱ्या आठवड्यात दुखणं सहावरून चारवर आलं आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा पाचवर गेलं. कारण दवाखान्यात दोन लांबलचक शस्त्रक्रिया एकापाठोपाठ झाल्या होत्या.

याच आठवड्यात एक वेगळा प्रसंग आला. बाई लांबच्या बसप्रवासाहून परतल्या होत्या. टेबलावर झोपता झोपता म्हणाल्या, "आज मान राहू दे. डावी पोटरी धरलीये, तेवढी चोळून द्या." पोटरी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर जाड, हाताला किंचित गरम, दाबल्यावर दुखरी. मी हात लावला नाही. तासन्‌तास बसून झालेला प्रवास, एकाच पायाला सूज, उष्णता आणि दुखणं. खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शंका एवढ्याने घ्यावीच लागते. ती गुठळी चोळण्याने सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. बाई डॉक्टर असल्यामुळे समजावायला वेळ लागला नाही, पण स्वतःच्या पायाच्या बाबतीत हे त्यांना सुचलं नव्हतं. त्याच दिवशी डॉप्लर तपासणी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, झाली. गुठळी नव्हती. गुडघ्यामागची द्रवाची पिशवी फुटून द्रव पोटरीत उतरला होता. आठवड्याभरात सूज ओसरली. निदान साधं निघालं म्हणून तपासणी अनावश्यक होती असं कुणाला वाटत असेल, तर त्यांच्या हातून मसाज करून घेऊ नये.

मसाज कुठे टाळायचा हे एवढ्यावर संपत नाही. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजा अस्थिभंग, कर्करोगाच्या गाठीच्या नेमक्या जागेवर दाब, हाडं फार ठिसूळ झालेली, रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना खोल दाब: यांत आधी वैद्यकीय सल्ला. कर्करोगाच्या रुग्णांना मात्र सरसकट नकार देऊ नये. हलक्या, माहीतगार हाताचा मसाज त्यांच्या वेदनेला आणि चिंतेला उतार देऊ शकतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवून तो करता येतो.

चार आठवड्यांनंतरची मोजमापं: अडचणीचे गुण १७ वरून ८. दुखणं सहावरून तीन. उजवीकडे मान ५२ ऐवजी ६५ अंश. डोकेदुखी आठवड्यात चार दिवसांऐवजी एखादा दिवस. वेदनाशामक गोळी शेवटच्या दोन आठवड्यांत एकही नाही.

हे सगळं मसाजचं श्रेय का? नाही. जुनं दुखणं वरखाली होतच असतं आणि माणूस उपचाराला येतो तो ते शिखरावर असताना, म्हणजे पुढे थोडं उतरणारच होतं. आठवड्यातून दोनदा कुणीतरी तासभर आपल्याकडे पूर्ण लक्ष देतं, याचाही परिणाम असतो, आणि तो मला कमी लेखावासा वाटत नाही. ३७ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण २००४ साली प्रसिद्ध झालं. त्यात एका मसाजनंतर त्या वेळची चिंता, रक्तदाब आणि नाडीचा वेग उतरलेले दिसले. अनेक बैठका घेतल्यावर अंगात मुरलेली चिंता आणि नैराश्य यांवरचा परिणाम मानसोपचाराच्या तोडीचा भरला. तेवढ्यावरून कुणी मानसोपचार सोडून मसाजकडे वळू नये. पण बाईंची झोप मानेच्या आधी का सुधारली, याचं उत्तर मला तिथे दिसतं. कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक घटतं म्हणून बरं वाटतं, असं सर्रास सांगितलं जातं. त्यातल्याच काही संशोधकांनी २०११ साली ते आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ती घट अगदी नगण्य, बऱ्याचदा शून्यापासून वेगळी न काढता येणारी निघाली.

चौथ्या आठवड्यानंतर बाई खूश होत्या आणि त्यांनी मसाज आणि व्यायाम दोन्ही थांबवलं. अडीच महिन्यांनी परत आल्या तेव्हा गुण १३ झाले होते. यात नवल नव्हतं. वर सांगितलेल्या मात्रेच्या अभ्यासाच्या पाठपुराव्यातही फायदा काही आठवडे टिकून पुढे विरत गेलेला दिसला होता. मसाज मानेवर कायमचं काही कोरून ठेवत नाही.

या खेपेला उलट क्रम लावला. आधी दोन आठवडे नुसते व्यायाम, घरी, आठवड्यातून चार दिवस, मसाज नाही. गुण १३ वरून ११ वर आले, डोकेदुखी तशीच राहिली. मग आठवड्यातून एक तास मसाज, तीन आठवडे. डोकेदुखी उतरली, गुण ७. एका माणसावरून नियम काढता येत नाही, पण या बाईंच्या शरीरात डोकेदुखीची किल्ली मसाजकडे जास्त आणि मान वळण्याची किल्ली व्यायामाकडे जास्त, असं माझं मत बनलं. पुढचं वेळापत्रक त्यावरच बेतलं: व्यायाम चालू, मसाज महिन्यातून एकदा पूर्ण तास. डोकेदुखी सलग दोन आठवडे आठवड्यातून दोनदा झाली, तर लागोपाठ तीन बैठका. हाताला मुंग्या किंवा पकड ढिली वाटली, तर माझ्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे. वीस मिनिटांचा जोरदार मसाज बंद. त्यांनी तो आपणहूनच सोडला होता.

वर्षअखेरीची नोंद: गुण ६, डोकेदुखी महिन्यातून दोनदा, गोळी क्वचित. उजवीकडे मान अजूनही डावीपेक्षा चार-पाच अंश कमी वळते आणि ती तेवढीच राहील असा माझा अंदाज आहे. बाईंना त्याची अडचण वाटत नाही. शस्त्रक्रियांचे दिवस त्यांनी आठवड्यात पाचावरून चारवर आणले आहेत. तो निर्णय मात्र मी सुचवलेला नव्हता.